मकरंदच्या बोटातला नकाशा

कोडं असं होतं. एक यंत्र आहे. त्याची बॅटरी भरलेली आहे. पडदा उजळतो. सुरू होताना स्पीकर नेहमीसारखा 'टुंग' करतो. आतली एकही तार तुटलेली नाही, एकही भाग जळालेला नाही. तरीही यंत्र बंद आहे. मग बिघडलंय काय?

केतकी चौगुले या कोड्यापुढे नऊ दिवस बसून होती. वय वर्षं अकरा. नऊ दिवस एका जागी बसण्याचा तिचा स्वभाव नव्हे. नऊ मिनिटांतच तिच्या पायांना मुंग्या यायच्या. पण हे यंत्र तिच्या दादाचं होतं.

दादा म्हणजे मकरंद, चौदा वर्षांचा. त्याचे स्नायू जन्मापासून त्याचं ऐकत नसत. हात थरथरत, आणि तोंडातून शब्द फुटत नसत. डोक्यात मात्र शब्दांची नुसती गर्दी. ते बाहेर काढायला त्याच्याकडे तळहातापेक्षा जरा मोठा, जाडजूड, राखाडी रंगाचा एक जुना संगणक होता. घरात त्याला सगळे 'बोलका' म्हणत. बोलक्याच्या पडद्यावर साठ चौकोन होते. प्रत्येकात एक शब्द, नाहीतर एक अख्खं वाक्य. चौकोन दाबला की बोलका ते मोठ्याने म्हणून दाखवी.

गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड जुनं. ते २०५३ सालीही उतरलेलं नव्हतं. गल्लीतल्या सामन्यांचं समालोचन मकरंद करायचा. 'गोलकीपर चहाला गेलाय' हे वाक्य त्याने एका चौकोनात कायमचं भरून ठेवलं होतं. त्या गोलकीपरची आई एकदा तक्रार घेऊन घरी आली होती, आणि मकरंदला तो आपला मोठा सन्मान वाटला होता.

नऊ दिवसांपूर्वी बोलका सुरूच झाला नाही. 'परवाना तपासत आहे' एवढंच पडद्यावर उमटलं, आणि खाली एक वर्तुळ फिरत राहिलं. फिरतच राहिलं.

शाळेने लगेच दुसरं यंत्र दिलं. नवंकोरं, पापडासारखं पातळ. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मकरंदने त्यावर 'पाणी' शोधायला हात टेकवला, तर ते म्हणालं, "झोप-शाळा-नको-आई-नको-पाणी-आजोबा." त्याने पुन्हा प्रयत्न केला. ते पुन्हा सात शब्द म्हणालं. चौथ्या दिवशी मकरंदने ते यंत्र कोपराने टेबलाच्या कडेपर्यंत ढकललं आणि खिडकीकडे तोंड केलं. त्यानंतर त्याने 'हो'साठी मान हलवणंही सोडून दिलं. जेवायला वाढलं तर जेवायचा, बस्स.

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, केतकीने बोलका दप्तरात घातला आणि आत्तीचं घर गाठलं.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वैजयंता. पूर्वी एस.टी.त वाहक होती. हल्लीच्या गाड्यांना ना चालक लागतो ना वाहक, त्यामुळे आत्ती आता घरीच होती आणि त्याबद्दल गाड्यांना अधूनमधून टोमणे मारत होती. नोकरीत असताना तिकिटाची यंत्रं बिघडली की ती उघडून बघायची तिला सवय लागली. कुणी शिकवलं नव्हतं. पहिली तीन यंत्रं तिने साफ मारली, चौथं जगलं.

"आत्ती, हे बिघडलेलं नाहीये आणि बंद आहे," केतकी म्हणाली.

"बस आधी. घाम पूस." आत्तीने बोलका हातात घेतला, बटण दाबलं, फिरणारं वर्तुळ बघितलं. "परवानगी मागतंय की हे."

"कुणाला?"

"ज्यांनी बनवलं त्यांना. रोज सकाळी हे कंपनीच्या सर्व्हरला (दूर ठेवलेला, सगळ्यांना उत्तरं देणारा मोठा संगणक) विचारायचं, मी सुरू होऊ का? तो म्हणायचा, हो. मग हे सुरू. आता कंपनी बंद झाली. सर्व्हर बंद. हे आपलं दार वाजवत बसलंय, आणि आत कोणी नाही."

"म्हणजे दादाचा आवाज कुणाच्या तरी परवानगीवर चालत होता?"

"होय की. आपल्याला कळलं नव्हतं एवढंच. कारण उत्तर रोज 'हो' यायचं."

केतकीने फिरणाऱ्या वर्तुळावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळी सामना आहे. सगळे विचारतायत, मकरंददादा येणार का. आणि तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

आत्तीने चष्मा नाकावर चढवला. "यंत्र सकाळी उठतं कसं ते ठाऊक आहे तुला?"

"बटण दाबलं की."

"आगारात गाडी सुटते ती पण बटण दाबल्यावर. पण त्याच्या आधी काय काय होतं ते ऐक. आमच्या आगारात पहाटे सगळ्यात आधी जागा कोण? पहारेकरी. त्याला फार काही येत नसे. गाड्या किती, जाणार कुठं, त्याला पत्ता नाही. त्याला एकच गोष्ट ठाऊक: आगारप्रमुख कुठल्या खोलीत झोपलाय ते. तो जायचा आणि त्याला उठवायचा. यंत्रातही तसा पहारेकरी असतो. बूटलोडर म्हणतात त्याला (यंत्र सुरू होताच पहिल्यांदा चालणारी छोटीशी आज्ञावली). आणि या सगळ्या उठवाउठवीला म्हणायचं बूट होणं."

"आणि आगारप्रमुख?"

"तो गाभा. कार्यप्रणालीचा (यंत्राच्या सगळ्या भागांकडून काम करून घेणारी मुख्य आज्ञावली) मधला, मुख्य भाग. तो उठला की भिंतीवरचा तक्ता बघतो. कुठली गाडी कुठं उभी आहे, कुणाची किल्ली कुठल्या खिळ्याला आहे. मग एकेका चालकाला हाक मारतो. पडद्याचा चालक, स्पीकरचा चालक, स्पर्शाचा चालक. यंत्रातही त्यांना ड्रायव्हरच म्हणतात, मी काही बनवून सांगत नाही. ते जागेवर बसले की मग प्रवासी चढायचे. दादाचे साठ चौकोन म्हणजे प्रवासी."

केतकीने विचार केला. "म्हणजे आपला आगारप्रमुख हट्टी आहे. कंपनीचा 'हो' आल्याशिवाय गाडी सोडत नाही."

"बरोबर बोललीस."

"मग आपण दुसरा आगारप्रमुख आणू."

आत्ती तिच्याकडे बघत राहिली. तिला हेच सुचवायचं होतं, पण पोरीनं ते आधी म्हटलं म्हणून तिला बरं वाटलं. आणि थोडं वाईटही, कारण सांगायची तयारी तिने मनात छान केली होती.

दुसरा आगारप्रमुख मिळणं अवघड नव्हतं. जगात अशा कार्यप्रणाल्या आहेत, ज्या कुण्या एकाच्या मालकीच्या नसतात. त्यांना मुक्तस्रोत म्हणतात (ज्यांचा सगळा मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो). हजारो माणसांनी थोडं थोडं लिहून त्या उभ्या केलेल्या असतात. आत्तीने त्यातली एक निवडली आणि नखाएवढ्या मेमरी कार्डावर उतरवून घेतली.

"आतलं काही पुसायचं नाही," ती म्हणाली. "बोलक्याच्या पहारेकऱ्याला एक सवय आहे. आवाजाचं बटण दाबून धरून यंत्र सुरू केलं, तर तो आतल्या खोलीत न जाता आधी कार्डात डोकावतो. नव्या यंत्रांचे पहारेकरी असं करू देत नाहीत. हा जुन्या वळणाचा आहे."

अडचण तक्त्याची होती. नव्या गाभ्याला बोलक्याचे भाग कुठे आहेत ते माहीत असणार कसं? बोलक्याचा तक्ता कुणी लिहिलेलाच नव्हता. त्याच कंपनीच्या दुसऱ्या, जवळपास तशाच यंत्राचा तक्ता मात्र कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता.

"सख्खा नाही, चुलत भाऊ आहे," आत्ती म्हणाली. "नाकडोळे सारखे असतील. बघू."

केतकीने कार्ड घातलं. आवाजाचं बटण दाबून धरलं. सुरू केलं.

काळाकुट्ट पडदा. 'टुंग' नाही, वर्तुळ नाही, काही नाही.

"मेलं," केतकी म्हणाली. 

"कशावरून? अंधारात माणूस दिसला नाही म्हणजे तो मेला असतो का? हाक मारून बघायची." आत्तीने चार स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. आत हिरव्या पाटीवर तीन सोनेरी ठिपके होते. कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेले. त्यांना तिने जुन्या तिकीट-यंत्राच्या तपासणीची वायर टेकवली आणि दुसरं टोक आपल्या संगणकाला जोडलं. "आता पुन्हा सुरू कर."

संगणकावर ओळी धावू लागल्या. केतकी जमेल तशा वाचत गेली. गाभा सुरू झाला. स्मृती मोजली, ठीक. स्पीकर सापडला. स्पर्शाची काच सापडली. पडदा सापडला. पडद्यामागचा दिवा...

"दिवा सापडला नाही," केतकी म्हणाली. "आत्ती, तो जागा आहे. सगळं चाललंय. फक्त दिवा लागलेला नाही."

आत्तीने खोलीतला विजेचा दिवा घालवला आणि टॉर्चचा झोत बोलक्याच्या पडद्यावर तिरका धरला. काळ्या पडद्यावर अगदी पुसट अक्षरं दिसत होती. नवा आगारप्रमुख आला होता, जागा होता आणि अंधारात बसून वाट बघत होता.

तक्त्यात दिव्याच्या वायरीचा क्रमांक चोवीस होता, चुलत भावाचा. हिरव्या पाटीवर भिंगातून माग काढत केतकीने बोलक्याचा शोधला. सव्वीस. तिने तक्त्यात तेवढा एक आकडा बदलला, कार्ड पुन्हा घातलं, आणि पडदा उजळला.

दुपारी दोघी बोलका घेऊन घरी आल्या. केतकीची आई, अर्चना, दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांचं जागरण होतं.

"वन्सं, चालला?"

"उठलाय. अजून बोललेला नाही. त्याचे शब्द भरायचेत." आत्ती खुर्चीत टेकली. "जुने चौकोन कंपनीच्या कुलपात अडकले. कुठला शब्द कुठं होता त्याची नक्कल कुणाकडे आहे?"

कुणाकडेच नव्हती. आई आठवू लागली. पाणी बहुतेक वरच्या बाजूला. शाळा मधे कुठेतरी. केतकीने मकरंदकडे बघितलं. तो बोलक्याकडे बघत होता. नऊ दिवसांत पहिल्यांदाच कशाकडे तरी नीट बघत होता.

"दादाच्या बोटाला माहीत आहे," ती म्हणाली. "आठ वर्षं तेच बोट फिरतंय. रिकामे चौकोन काढू. मी शब्द म्हणते, तू जागा दाब. चालेल?"

मकरंदने मान हलवली. हो.

तेवढ्यात आईने विचारलं, की हेच त्या नव्या यंत्रावर का करायचं नाही. आत्तीने तिला काच समजावून सांगितली, आणि ते तुम्हीही ऐकून ठेवा. नव्या यंत्रांची काच आपल्या अंगातली किंचितशी वीज ओळखते, म्हणून नुसतं बोट लागलं तरी तिला पुरतं. बोलक्याची काच जुनी. तिच्यात दोन पातळ थर असतात आणि मधे केसाएवढी फट. दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते यंत्राला कळतं. मकरंदचा हात थरथरत, घासत जागेवर पोचतो आणि पोचल्यावर दाबतो. नवी काच त्या वाटेवरचा प्रत्येक चौकोन बोलून दाखवते. जुनी काच तो पोचेपर्यंत थांबते.

"थांबते," आई स्वतःशीच म्हणाली.

"आई," केतकीने पहिला शब्द म्हटला.

मकरंदचा हात सरकला, थबकला, दाबला. पडद्यावर उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात 'आई' उमटलं.

"पाणी."

पुन्हा खालच्या बाजूला.

"नको."

तेही खाली. मकरंदने पडद्याकडे बघितलं आणि त्याचा हात आखडला. त्याने पुन्हा 'नको' दाबायचा प्रयत्न केला. शब्द आणखी भलतीकडे गेला. त्याने हात मांडीवर घेतला. मान हळूहळू खिडकीकडे वळू लागली.

"विसरला गं," आई हलकेच म्हणाली. "नऊ दिवसांत विसरला. असू दे, राजा. आपण नव्या जागा शिकू. मी बसेन रोज तुझ्याजवळ."

 आत्तीलाही तसंच वाटलं होतं.

केतकीला मात्र ते पटेना. आठ वर्षांत तिने दादाला कित्येक गोष्टी विसरताना पाहिलं होतं. तिचा वाढदिवस तर दोनदा. पण 'नको' विसरणारा हा माणूस नव्हता. "दादा, अजून एकदा. फक्त 'आई'. माझ्यासाठी."

बराच वेळ गेला. मग हात आला. या वेळी आई पडद्याकडे बघत होती, आत्ती पडद्याकडे बघत होती. केतकीने बोटाकडे बघितलं.

बोट डावीकडे, अगदी वरच्या कोपऱ्यात होतं. शब्द उजवीकडे, अगदी खाली उमटला.

"थांबा सगळे," ती म्हणाली. तिने वहीचा कागद फाडला, त्यावर चौकोन आखले, बोटाच्या जागी 'आई' लिहिलं आणि कागद टेबलावर गर्रकन अर्धा फिरवला. 'आई' बरोबर उजव्या खालच्या कोपऱ्यात गेली. "दादा विसरला नाहीये. काच उलटी आहे. वरचं खाली वाटतंय तिला, आणि डावं उजवं."

आत्तीने डोळे मिटून घेतले. मग कपाळावर हात मारला, पण हळूच, कारण चष्मा वर होता.

"चार वर्षांपूर्वी काच फुटली होती याची," ती म्हणाली. "मीच बसवली दुसरी, भंगारातल्या तिकीट-यंत्राची. तिची वायरीची पट्टी उलट्या बाजूला होती. पट्टी पोचेना, म्हणून मी काचच उलटी बसवली आणि कंपनीच्या आज्ञावलीला सांगून टाकलं, उलटं वाचत जा बाई. ती वाचत गेली. मी विसरून गेले. नव्या बिचाऱ्याला कोण सांगणार? विसरलं कोण, तर मी. आणि नाव घेत होतो आपण या पोराचं." ती मकरंदकडे वळली. "चुकलं माझं, मकरंदा."

मकरंदचं तोंड एका बाजूला वर गेलं. तो असाच हसत असे.

बदल चार शब्दांचा होता. तक्त्यात स्पर्शाच्या ओळीपुढे केतकीने लिहिलं: आडवं उलट, उभं उलट. जुन्या कार्यप्रणालीत कंपनीने ठेवलेल्या सोयी तेवढ्या वापरता यायच्या, तिचा मजकूर उघडताच येत नव्हता. ही उघडी होती. आत्तीची उलटी काच आता तिला ठाऊक झाली.

मग सुरू झालं. आई. पाणी. नको. भूक. शाळा. केतकी म्हणे आणि बोट जाई. ते एकदाही अडलं नाही. एकोणसाठ चौकोन भरले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. एक राहिला.

"मला नाही आठवत त्यात काय होतं," केतकी म्हणाली, जरा जास्तच घाईने.

मकरंदने अक्षरांचं पान उघडलं. एकेक अक्षर दाबत त्याने साठावा चौकोन स्वतः भरला. 'केतकी गप्प बस.'

शेवटी नव्या प्रणालीने विचारलं, आवाज कुठला हवा. बोलक्याचा जुना आवाज सहा वर्षांच्या मुलाचा होता. मकरंद सहाचा असताना तो बसवलेला, आणि कंपनीने तो बदलायची सोय दिली नव्हती. आता पडद्यावर एक पट्टी होती. डावीकडे बारीक आवाज, उजवीकडे भरदार. मकरंदने ती सरकवायला सुरुवात केली. सरकवली. आणखी सरकवली.

"मिसरूड फुटलंय की," आत्ती म्हणाली. "आपण आठ वर्षं त्याला पोराच्या आवाजात बोलायला लावत होतो."

मकरंदने पट्टी सोडली. हात थरथरत निघाला, दोन चौकोनांवर थांबला.

"आई," बोलका म्हणाला, खालच्या, घोगऱ्या, कुणी कधीच न ऐकलेल्या आवाजात. "भूक."

आई नऊ दिवसांत पहिल्यांदाच रडली. मग पदराने तोंड पुसत स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून तिचं हसणं ऐकू आलं.

रविवारी सामना झाला. गोलकीपर चहाला गेल्याचं मैदानाला तीन वेळा कळवण्यात आलं. नव्या आवाजात ते जास्तच खरं वाटत होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर आत्ती म्हणाली, "एक काम राहिलंय. तक्ता परत द्यायचा."

"कुणाला?"

"सगळ्यांना. जिथून घेतला त्या ठिकाणी. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी पोराचा असाच बोलका वर्तुळ फिरवत बसला असेल. त्याच्या घरच्यांनी पुन्हा सव्वीस नंबर भिंगातून शोधायचा का?"

"पण काच तर फक्त आपलीच उलटी आहे."

"म्हणून ती ओळ वेगळी ठेव. वर लिही, आत्तीसारखी काच बसवली असेल तरच."

केतकीने तसं लिहिलं. पाठवायच्या पानावर दोन रकाने होते. पहिला, कुणी लिहिलं. तिने स्वतःचं आणि आत्तीचं नाव घातलं. दुसरा, कुणी तपासलं.

"म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे ज्याने खऱ्या यंत्रावर चालवून बघितलं, आणि जो सांगू शकतो की हे चालतं. त्याच्याशिवाय बाकीचे भरवसा ठेवत नाहीत. लिहिणारे पुष्कळ असतात."

केतकीने कळफलक मकरंदपुढे सरकवला. त्याने मान हलवली. नको. बोलक्याकडे बोट केलं. मग बोलकाच वायरीने आत्तीच्या संगणकाला जोडला आणि मकरंदने त्यावर अक्षरांचं पान उघडलं. चार मिनिटं लागली. मधे कुणी शब्द पुरा करून दिला नाही, केतकीनेसुद्धा नाही, आणि तिच्यासाठी ते सोपं नव्हतं.

मकरंद चौगुले, गडहिंग्लज.

खाली शेरा लिहायला एक रिकामी ओळ होती. ती भरलीच पाहिजे असं नव्हतं. तो थांबला नाही. दूर कुठेतरी, अजून ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा लोकांसाठी त्याने एकेक अक्षर दाबलं:

'सगळं नीट चालतं. आवाज मोठाच ठेवा. घरात बहीण असेल तर लागतो.'